यंत्राला दिलेले मुखत्यारपत्र

हातात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा घ्यावा, त्याची डायल ‘ऑटो’ या खुणेवर आणून ठेवावी, पडद्यावर उमटणाऱ्या मेनूच्या वाटेला चुकूनही जाऊ नये आणि बटण दाबून मोकळे व्हावे, असा एक अभिप्राय जळगाव-धुळ्याकडील सुशिक्षित घरांतून इतक्या निर्धास्तपणे व्यक्त होत असतो की, त्याला कोणी हरकत घ्यावी हेच पुष्कळांना विचित्र वाटेल. लग्नमंडपात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, आखाजीच्या झोक्यापाशी, कानबाईच्या मिरवणुकीत, जिथे म्हणून कॅमेरा बाहेर निघतो तिथे हा अभिप्राय त्याच्या आधी हजर असतो. त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: यंत्राचे गणित माणसाच्या अंदाजापेक्षा अचूक असते, चित्र चांगले उतरते ते नजरेमुळे, बटणांचा त्यात संबंध नाही, आणि ज्याला कलावंत व्हायचे नाही, पोटासाठी फोटोही काढायचे नाहीत, त्या सामान्य माणसाला या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजनच नाही. हे तिन्ही मुद्दे वरकरणी समंजस दिसतात, म्हणूनच ते एकेक करून तपासले पाहिजेत. माझ्या मते तिन्ही चुकीचे आहेत, आणि तिसरा तर या मुलखाच्या स्मृतीला प्रत्यक्ष अपाय करणारा आहे.

वादाचे मूळ कोठे आहे ते आरंभीच सांगणे बरे. आत किती प्रकाश घ्यावा, तो किती वेळ घ्यावा, कोणता रंग पांढरा मानावा, कोणत्या वस्तूवर फोकस धरावा आणि फ्लॅश उडवावा की उडवू नये, हे पाच निर्णय प्रत्येक छायाचित्राच्या वेळी घेतले जातातच. ते घेतल्याशिवाय छायाचित्र निघणे शक्यच नाही. ऑटोवर विसंबणाऱ्याची समजूत अशी असते की आपण या कटकटीतून सुटलो. वस्तुतः तो सुटलेला नसतो. त्याने आपल्या वतीने निर्णय घेण्याचे कुलमुखत्यारपत्र दुसऱ्याला लिहून दिलेले असते. चार बिघे जमिनीचे मुखत्यारपत्र लिहून देताना आपल्याकडचा माणूस मुखत्यार कोण, त्याला आपले शेत ठाऊक आहे काय, त्याच्या अधिकाराची मर्यादा कोणती, याची शंभरदा चौकशी करतो. कॅमेऱ्यातील मुखत्याराची मात्र कोणी चौकशी करत नाही. जगातील सर्व मुलखांत सरसकट खपेल अशा एका सरासरी प्रकाशाचा, सरासरी रंगाचा आणि सरासरी चेहऱ्याचा तो हिशोब आहे. तापीकाठच्या वैशाखातले ऊन त्याने कधी पाहिलेले नाही.

आता पहिला मुद्दा. यंत्र प्रकाश अचूक मोजते, हे मला मान्य आहे. परंतु ते काय मोजते, हा प्रश्न पुरस्कर्त्यांनी कधी विचारलेला नाही. कॅमेऱ्यातील मापक वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो; ती वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला समजण्याचे साधन नसते. म्हणून समोरचे दृश्य एकंदरीने मध्यम करड्या रंगाचे असणार, असे गृहीत त्याच्या रचनेतच घातलेले आहे. छायाचित्रणाच्या परंपरेत हे गृहीत अठरा टक्के परावर्तनाचे म्हणून ओळखले जाते. अलीकडच्या कॅमेऱ्यांत दृश्याचे अनेक भाग पाडून त्यांची तुलना केली जाते, चेहरेही ओळखले जातात, आणि त्यामुळे चुका कमी झाल्या आहेत हे खरे. पण मूळ गृहीत तेच राहिले आहे.

हे गृहीत खानदेशात आणून पाहा. दिवाळीच्या सुमारास जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग लागतात. त्या ढिगाने चौकट भरली की मापकाला वाटते, प्रकाश फारच झाला, आणि तो प्रकाश कापतो. परिणामी पहिल्या वेचणीचा शुभ्र कापूस चित्रात फरदडीसारखा मळकट, करडा उतरतो. याच्या उलट, उन्हाळ्यात नांगरून टाकलेल्या काळ्या कसदार रानाचे चित्र घ्या: मापकाला अंधार वाटतो, तो प्रकाश वाढवतो, आणि ज्या जमिनीच्या काळेपणावर या मुलखाची कापूसशेती उभी आहे ती जमीन राखेच्या रंगाची होऊन बसते. म्हणजे या भूमीची दोन मुख्य द्रव्ये, तिचे पीक आणि तिची माती, या दोहोंविषयी मुखत्याराची साक्ष खोटी ठरते, आणि ती नेमकी परस्परविरुद्ध दिशांनी खोटी ठरते. हा अपघात नव्हे. पांढरे आणि काळे दोन्ही करडे करणे हेच त्याच्या गृहीताचे अटळ फळ आहे.

यावरचा इलाज कॅमेऱ्यातच आहे, आणि तो इतका सोपा आहे की त्याच्याविषयीची उदासीनता पाहून खेद होतो. अधिक आणि उणे या दोन चिन्हांची एक खूण असते. कित्येक छोट्या कॅमेऱ्यांत ती पाठीवरच्या गोल कळीच्या एका बाजूला, तर काहींत मेनूच्या पहिल्याच पानावर असते. ती उघडली म्हणजे उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत एक पट्टी दिसते आणि तीवर तृतीयांशाच्या पायऱ्यांनी सरकता येते. एक पूर्ण अंक वर म्हणजे दुप्पट प्रकाश, एक अंक खाली म्हणजे निम्मा. कापसासाठी एक ते दीड अंक वर जावे, काळ्या रानासाठी पाऊण ते एक अंक खाली यावे. एवढे केले की कापूस कापूस दिसतो आणि माती माती दिसते. येथे यंत्राचे गणित टाकून दिलेले नाही. यंत्राने मोजावे, आणि समोर काय आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याने त्या मोजणीला आपल्या ज्ञानाची दुरुस्ती जोडावी, एवढाच या खुणेचा अर्थ.

दुरुस्ती बरोबर झाली की नाही हे पडद्यावर पाहून ठरवावे म्हणावे, तर भर दुपारच्या उन्हात पडदा जवळजवळ दिसतच नाही, आणि सावलीत जाऊन पाहिला तर त्याचा उजेड फसवतो. यासाठी मेनूतून ‘हिस्टोग्राम’ नावाचा आलेख चालू करता येतो. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे, मध्ये मधल्या छटा. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला आदळून तुटला असेल तर कापसाचे तंतू जळून पांढरा डाग झाला असे समजावे, डाव्या भिंतीला आदळला असेल तर ढेकळांचा तपशील बुडाला. ऊन कितीही प्रखर असो, ही नोंद बदलत नाही. सबब, ज्या यंत्राच्या गणितावर पुरस्कर्त्यांची एवढी श्रद्धा आहे, त्या गणिताचा सर्वांत प्रामाणिक कागद त्यांनी मेनूत मिटूनच ठेवलेला असतो.

मुखत्याराच्या चुकीचे दुसरे उदाहरण फ्लॅशचे आहे. भर दुपारी पांढरी टोपी घातलेला शेतकरी उन्हात उभा असतो; टोपी आणि सदरा झळझळतात, आणि टोपीच्या कडेखाली डोळ्यांच्या खोबणीत दाट सावली पडते. फ्लॅशची खरी गरज या क्षणी असते, कारण त्याचा थोडासा प्रकाश त्या सावलीत शिरला तर डोळे दिसू लागतात. ऑटो मात्र उजेड भरपूर आहे असे पाहून बहुधा फ्लॅश बंदच ठेवतो. तोच मुखत्यार रात्रीच्या कार्यक्रमात सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून व्यासपीठाकडे रोखला असता बिनदिक्कत फ्लॅश उडवतो. या छोट्या दिव्याची पोच चारपाच मीटरांची, तेव्हा पुढच्या रांगेतील डोकी उजळतात आणि वक्ता अंधारात राहतो. जेथे पाहिजे तेथे नाही आणि जेथे नको तेथे आहे, असे ज्याचे वर्तन, त्याच्या हाती पूर्ण अधिकार ठेवण्याचे समर्थन कसे करावे? विजेच्या खुणेचे बटण दाबून फ्लॅश सक्तीने चालू किंवा सक्तीने बंद करणे हे क्षणाचे काम आहे.

अजिंठ्याला तर हे अज्ञान अपराधाच्या पायरीवर जाते. लेणी जिल्ह्याच्या हद्दीने आपल्याकडे नसली, तरी जळगावाहून ती जवळ. ज्या वाघूर नदीच्या वळणावर ती कोरली आहेत ती नदी पुढे आपल्याच मुलखातून तापीला मिळते. आणि आपल्याकडील शाळांच्या सहली वर्षानुवर्षे तेथे जातात. चित्रांच्या रक्षणासाठी आत फ्लॅशला मनाई आहे. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा काळोख पाहताच फ्लॅश उडवणार, रखवालदार ओरडणार, आणि कॅमेरा बाळगणारा म्हणणार, ‘मी काही केले नाही, तो आपोआप उडाला.’ हा बचाव नव्हे, ही कबुली आहे. ज्याने फ्लॅश बंद केला, आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, आठशेपर्यंत नेली, लेन्स झूम न करता तिच्या सर्वांत रुंद दृष्टीवर ठेवली म्हणजे तिचे छिद्र अधिक उघडे राहते हे ज्याला ठाऊक आहे, आणि कोपरे अंगाशी घट्ट धरून श्वास रोखून ज्याने बटण दाबले, त्याला त्या अंधूक प्रकाशातही पद्मपाणीचा चेहरा लाभतो.

याच लेण्यांत रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून पुढे वर्षानुवर्षे चित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवलेल्या त्यांतील बहुतेक १८६६ च्या आगीत भस्मसात झाल्या. त्याने कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्याने काढलेली ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या १८६४ सालच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्या काळच्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत काचेवर द्रव्याचा थर द्यावा, तो ओला आहे तोवर तिच्यावर प्रकाश घ्यावा आणि वाळण्याच्या आत ती धुऊन काढावी, असा नियम. आणि आपल्याकडच्या हवेत ओला थर किती वेळ ओला राहणार याची कल्पना कोणालाही करता येईल. गिल १८७९ मध्ये भुसावळला वारला, तेथेच त्याला मूठमाती मिळाली. त्याला प्रत्येक काचेसाठी जो निर्णय घाम गाळून घ्यावा लागे, तो आज अंगठ्याच्या दोन दाबांवर आला आहे. आणि त्या दोन दाबांनाही आपण कटकट म्हणावे, हे मला समजत नाही.

रंगाचा प्रश्नही असाच. रावेर-यावलकडील केळीच्या बागेत दुपारी शिरले म्हणजे प्रकाश पानांतून गाळून येतो आणि हिरवा होतो. कॅमेऱ्याची स्वयंचलित रंगव्यवस्था, जिला व्हाइट बॅलन्स म्हणतात, ती या हिरवेपणाला दोष समजून त्यात जांभळट छटा मिसळते. मग बागेचा थंडावाही जातो आणि बागवानाचा चेहराही आजारी दिसतो. मेनूत ऊन, ढगाळ हवा, बल्ब, ट्यूब अशा खुणा दिलेल्या असतात आणि शेवटी एक मोकळी जागा असते: पांढरी वस्तू दाखवून ‘हे पांढरे’ असे यंत्राला सांगण्याची. नीळ न लावलेले धुतलेले पांढरे सुती कापड त्या प्रकाशात धरून ती खूण एकदा रुजू केली की त्या बागेपुरता रंगाचा तंटा मिटतो. बागेचा हिरवा प्रकाश जसाच्या तसा राखायचा असेल, तर ‘ऊन’ ही खूण निवडावी. यांतील कोणता रंग खरा, हा चित्र काढणाऱ्याने ठरवण्याचा प्रश्न आहे; आणि तो प्रश्न आहे हेच ऑटोवर राहणाऱ्याला कधी कळत नाही.

दुसरा मुद्दा अधिक आदरणीय नावाचा आधार घेऊन येतो. चाळीसगावचे केकी मूस हे ते नाव. ‘त्यांच्याजवळ कुठे होते मेनू? नजर होती, म्हणून चित्रे झाली,’ असे सांगितले जाते. केकी मूस (१९१२–१९८९) यांनी इंग्लंडात शिक्षण घेतले आणि नंतर चाळीसगावात रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या घरात जवळजवळ अर्धशतक एकांतवासात कलासाधना केली. त्यांच्या टेबलटॉप छायाचित्रणाची कीर्ती देशाबाहेर गेली. त्यांच्याविषयीचा आदर मी कोणाहूनही कमी बाळगत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या नावाचा हा उपयोग मला अन्यायाचा वाटतो. टेबलटॉप म्हणजे काय? घरातल्या साध्या वस्तू मेजावर मांडून त्यांतून विस्तीर्ण निसर्गाचा किंवा प्रसंगाचा प्रत्यय निर्माण करणे. या प्रकारात प्रकाशाचा कोन, त्याची तीव्रता, कॅमेऱ्याचे अंतर, लेन्सच्या छिद्राचा आकार, प्रकाश घेण्याचा काळ, यांपैकी एकही गोष्ट दैवावर सोडता येत नाही. छिद्र एका पायरीने अधिक उघडे राहिले तर मागचा डोंगर अंधूक होऊन मेजावरचा कपटा असल्याचे उघड होते आणि सारा प्रत्यय कोसळतो. मूस यांच्याजवळ मेनू नव्हता हे खरे, पण त्या मेनूतील प्रत्येक बाब त्यांच्या डोक्यात आणि हातात होती. नजर आणि नियंत्रण यांची फारकत त्यांच्या कामात कोठेही करता येत नाही; नजरेने जे इच्छिले ते नियंत्रणाने सिद्धीस नेले. त्यांचा दाखला देऊन ऑटोचे समर्थन करणे म्हणजे त्यांच्या साधनेतील निम्मा भाग पुसून टाकणे होय.

आणि एक गोष्ट या पुरस्कर्त्यांना ठाऊक असती तर त्यांनी छोट्या कॅमेऱ्याला इतके कमी लेखलेही नसते. बहुसंख्य छोट्या कॅमेऱ्यांतील सेन्सर सुमारे सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असतो. जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट छत्तीस बाय चोवीस, म्हणजे क्षेत्रफळाने तीसपट. या लहानपणामुळे अंधारात तो कमी पडतो, हे सर्वांना माहीत आहे. परंतु त्याच लहानपणामुळे त्याच्या चित्रात जवळपासचे आणि दूरचे दोन्ही एकाच वेळी स्पष्ट राहते: एफ/२.८ या उघड्या छिद्राला जेवढी खोली मिळते तेवढी मिळवायला फिल्मच्या कॅमेऱ्याचे छिद्र एफ/१६ पर्यंत मिटावे लागे. म्हणजे मेजावरच्या मांडणीसाठी, कपाशीच्या बोंडावरच्या अळीसाठी, जुन्या नाण्यासाठी हे लहान यंत्र मोठ्या यंत्राहून सोयीचे आहे. उलट, जास्त स्पष्टतेच्या लोभाने येथेही छिद्र एफ/८ पर्यंत मिटवले, तर प्रकाशाच्या विवर्तनाने चित्र मऊ पडते. म्हणून ज्या कॅमेऱ्यात छिद्र निवडण्याची सोय आहे तेथे ते कुठे थांबवावे हे जाणले पाहिजे. हे जाणणाऱ्याच्या हातात छोटा कॅमेरा हे पूर्ण साधन आहे. न जाणणाऱ्याच्या हातात मोठ्यात मोठा कॅमेराही अपुराच राहणार.

आता तिसरा मुद्दा, ज्याला मी अपायकारक म्हटले. सामान्य माणसाला गरज काय? माझे उत्तर असे की, गरज कलावंताहून सामान्य माणसालाच अधिक आहे. कारण कलावंताचे चित्र बिघडले तर एक कलाकृती उणी होते, सामान्य माणसाचे चित्र बिघडले तर एक पुरावा उणा होतो.

वादळाने केळीची बाग आडवी झाली की पंचनाम्याच्या वेळी छायाचित्रे मागितली जातात. त्या छायाचित्राच्या पोटात दिनांक आणि वेळ यांची नोंद आपोआप होते. पण ती कॅमेऱ्याच्या घड्याळावरून होते. मुख्य बॅटरी दीर्घकाळ काढून ठेवली म्हणजे आतली लहान बॅटरी उतरते, घड्याळ कारखान्यातल्या आरंभीच्या तारखेवर परत जाते आणि कॅमेरा चालू करताच दिनांक विचारतो. ऑटोचा अभ्यस्त माणूस तो प्रश्न झटकून पुढे जातो, आणि गेल्या आठवड्यातील नुकसान कागदोपत्री कित्येक वर्षांपूर्वीचे ठरते. पान्याच्या खुणेच्या सेटअप मेनूत जाऊन तारीख लावणे, हे ज्याचे पीक गेले आहे त्याच्यासाठी चैनीचे ज्ञान आहे काय? त्याच मेनूत डिजिटल झूम बंद करण्याची सोय असते. लेन्सचा झूम संपल्यावर हा दुसरा झूम नवे काही दाखवत नाही, आहे तेच चित्र कापून ताणतो. तुटलेला घड दाखवण्याच्या उत्साहात तो वापरला की घडाच्या जागी ठिपक्यांचा गोळा उरतो. चार पावले पुढे जाणे हा त्याहून चांगला झूम होय.

धुळ्याचा दाखला तर याहून गंभीर आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दफ्तरे धुंडाळली, १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच देह ठेवला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे १९२७ मध्ये उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी वाङ्मयाच्या हस्तलिखितांसाठी समर्थ वाग्देवता मंदिर त्याच शहरात उभारले. या परंपरेच्या मुलखात आजही घरोघरी माळ्यावर मोडीतील कागद, सनदा, वहीखाती, आजोबांची पत्रे आहेत, आणि कसर व पाऊस त्यांचा रोज थोडा ग्रास घेत आहेत. प्रत्येक घरी संशोधक पोहोचणार नाही. छोटा कॅमेरा मात्र पुष्कळ घरांत आहे. असा कागद ऑटोवर टिपला तर काय होते? फ्लॅशची चकाकी मधल्या ओळींवर पसरते, फोकस कागदाऐवजी सतरंजीवर बसतो, बटण दाबताना हात हलतो आणि कडा वाकड्या येतात. आणि जाणून टिपला तर? खिडकीजवळ बाजूच्या प्रकाशात कागद सपाट ठेवावा, फ्लॅश सक्तीने बंद करावा, फुलाच्या खुणेचा मॅक्रो चालू करावा, आयएसओ सर्वांत खालच्या आकड्यावर बांधावा, कॅमेरा कागदाला समांतर टेकवून ठेवावा, बटण अर्धे दाबून फोकस अक्षरांवर बसला याची खात्री करावी, आणि दोन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्यावा. तारीख चित्रावर छापण्याची सोय बंद ठेवावी, नाही तर नेमक्या शेवटच्या ओळीतील मितीवर तिचे नारिंगी आकडे बसतात. या सर्वाला कलावंताची प्रतिभा लागत नाही. लागतो तो पाच मिनिटांचा अभ्यास. त्या पाच मिनिटांना नकार देण्याने एखादी सनद कायमची वाचता येईनाशी होत असेल, तर त्या नकाराला साधेपणा म्हणता येणार नाही. तो हलगर्जीपणा आहे.

प्रतिपक्षाच्या तक्रारीत तथ्य कोठे आहे तेही सांगितले पाहिजे. कारखानदारांनी मेनू नीट रचलेले नाहीत. आतषबाजी, समुद्रकिनारा, बर्फ, पाळीव प्राणी अशा डझनावारी ‘सीन’ खुणांची भर घालून त्यांनी महत्त्वाच्या बाबी तिसऱ्या-चौथ्या पानात ढकलल्या आहेत. एकच गोष्ट एका कंपनीने एका चिन्हाने दाखवावी, दुसरीने दुसऱ्या. आणि पुस्तिका अशा भाषेत लिहावी की वाचणाऱ्याने ती पुन्हा डब्यात ठेवावी. ही फिर्याद रास्त आहे. पण तीतून निघणारा निष्कर्ष मेनू टाळण्याचा नाही, निवडण्याचा आहे. शेकडो बाबींपैकी रोजच्या उपयोगाच्या सातच: एक्स्पोजरची अधिक-उणे पट्टी, फ्लॅश, मॅक्रो, टायमर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि तारीख. यांपैकी पहिल्या चार तर पुष्कळ कॅमेऱ्यांत पाठीवरच्या कळीच्या चार बाजूंना उघड्या मांडलेल्या असतात, मेनूत शिरावेही लागत नाही. ‘इंग्रजीमुळे अडते’ ही सबबही सर्वत्र टिकत नाही. निकॉनच्या काही कूलपिक्स कॅमेऱ्यांच्या भाषांच्या यादीत मराठीचाही समावेश आहे, फक्त ती यादी उघडण्याची तसदी घ्यावी लागते. आणि पुस्तिका वाचण्याचा लाभ आणखी एक: बहुतेक कंपन्यांनी कॅमेरा शून्य ते चाळीस अंश तापमानात वापरावा असे त्यात लिहिलेले असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्याही वर जातो. तेव्हा बंद मोटारीत किंवा उन्हात उघडा कॅमेरा ठेवू नये, हे आपल्याइतके कोणालाच लागू नाही.

शेवटी असे विचारले जाते की, आता फोन आहे, मग ही जुनी चर्चा कशाला? जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ साली ती संख्या ऐंशी लाखांच्याही खाली आली. कॅमेऱ्याचा काळ सरला असे यावरून म्हणता येईल; निर्णयाचा काळ सरला असे म्हणता येणार नाही. किंबहुना फोनाने मुखत्याराचे अधिकार वाढवले आहेत. तो अनेक चित्रे एकदम घेऊन त्यांची गोळाबेरीज करतो, सावल्या उजळतो, आणि कित्येक फोन तर न विचारता त्वचा गुळगुळीत व गोरी करतात. आयुष्य उन्हात काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या आणि रापलेला रंग हा त्याच्या श्रमाचा दाखला आहे; तो पुसण्याचा अधिकार यंत्राला कोणी दिला? अर्थात ऑटोवर विसंबणाऱ्यानेच दिला. फोनातही ही खोडी बंद करण्याची, प्रकाशाची पट्टी सरकवण्याची सोय मेनूत असते, पण छोट्या कॅमेऱ्यावर या गोष्टी बोटांना सापडतील अशा उघड्या बटणांवर आहेत, त्याला खराखुरा झूम आहे, आणि प्रत्येक चित्रासोबत छिद्र, वेळ, आयएसओ यांची नोंद तो दफ्तरात टाकतो, म्हणून चूक कोठे झाली हे संध्याकाळी घरी बसून तपासता येते. फिल्मच्या छत्तीस चित्रांचा खर्च जपून शिकणाऱ्या पिढीला असा विनामूल्य गुरू मिळाला नव्हता. कपाटात पडून राहिलेले हे कॅमेरे म्हणूनच भंगार नाहीत. शिकण्याची ती सर्वांत स्वस्त शाळा आहे.

तेव्हा माझी मागणी माफक आहे. ऑटो वर्ज्य करावा असे मी म्हणत नाही. घाईच्या प्रसंगी मुखत्यार उपयोगी पडतो. त्याचे मुखत्यारपत्र बिनशर्त व बेमुदत असू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. सहलीला मुले अजिंठ्याला नेणाऱ्या शिक्षकाने बसमध्येच त्यांना फ्लॅश बंद करायला शिकवावे. ज्या घरात मोडीचे कागद आहेत त्या घरातील तरुणाने एका सुटीच्या दिवशी ते टिपून ठेवावे. बाग लावणाऱ्याने हंगामापूर्वी कॅमेऱ्याची तारीख तपासावी, जशी तो फवारणीच्या पंपाची नळी तपासतो. आणि जो कोणी या मुलखाचे चित्र काढील, त्याने बटण दाबण्यापूर्वी समोरची वस्तू मुळात किती उजळ आहे, प्रकाश कोणत्या रंगाचा आहे आणि स्पष्ट काय दिसले पाहिजे, या तीन प्रश्नांची उत्तरे स्वतः द्यावी. ही उत्तरे यंत्राजवळ नाहीत. ती येथे राहणाऱ्याजवळच आहेत. जे आपल्याला ठाऊक आहे ते यंत्राला सांगण्याचे श्रम आपण घेतले नाहीत, तर पुढच्या पिढीच्या हाती करड्या कापसाचा, करड्या मातीचा आणि खोट्या गोऱ्या चेहऱ्यांचा खानदेश जाईल, आणि त्याचा दोष कोणत्याही कारखान्यावर टाकता येणार नाही.